कोबाल्ट: खाणीतल्या भुताचे नाव धातूला कसे लागले

इंग्रजीत 'कोबाल्ट' हा शब्द आज दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ धातूचा आणि दुसरा त्या धातूच्या संयुगांमुळे काचेला व चिनीमातीला येणाऱ्या गडद निळ्या रंगाचा. या दोन्ही अर्थांकडे पाहून शब्दाच्या मुळाशी लोककथेतले एक भूत असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. तरीही बहुतेक व्युत्पत्तिकोश हा शब्द जर्मन 'कोबोल्ड'पाशी आणून पोहोचवतात. कोबोल्ड म्हणजे घरात, गोठ्यात किंवा खाणीत वस्ती करणारे बुटके, खोडकर आणि प्रसंगी जीवावर उठणारे भूत. एका भुताचे नाव प्रयोगशाळेतल्या धातूपर्यंत कोणत्या परिस्थितीत आले आणि या व्युत्पत्तीवर कितपत विश्वास ठेवावा, हे या प्रकरणात तपासायचे आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: खाणकामगारांची ही समजूत म्हणजे त्यांनी अंगावर सोसलेल्या खऱ्या विषबाधेची, त्या काळाला उपलब्ध असलेल्या भाषेतली नोंद होती, मात्र त्या नोंदीत गुन्हा खरा असला तरी आरोपी भलताच धरला गेला.

स्थळ आणि खडक

आजच्या जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकाच्या सरहद्दीवर, जुन्या भाषेत सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवर, एर्त्सगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. धातुकांचे, म्हणजे ज्यांतून धातू काढतात त्या दगडांचे, डोंगर असाच त्या नावाचा अर्थ. १४७०च्या दशकात तिथल्या श्नेबेर्गला चांदीचे मोठे घबाड लागले आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत आनाबेर्ग, योआखिमस्ताल अशी खाणगावे एकामागून एक वसत गेली. योआखिमस्तालला पाडलेली चांदीची नाणी 'टालर' या नावाने युरोपभर चालली आणि 'डॉलर' हा शब्द त्याच नावातून निघाला. श्नेबेर्गच्या सेंट जॉर्ज खाणीत १४७७ साली चांदीचा एवढा प्रचंड गोळा सापडला की सॅक्सनीचा ड्यूक आल्ब्रेख्त स्वतः खाली उतरला आणि त्या गोळ्याचेच मेज करून जेवला, अशी आख्यायिका आहे. ही खाण लक्षात ठेवावी, कारण भुताच्या हकिगतीतही ती पुन्हा येणार आहे.

चांदीचे हे दिवस फार टिकले नाहीत, आणि त्याचे कारण खडकाच्या घडणीत होते. या डोंगरातल्या धातूच्या शिरांमध्ये चांदी एकटी नसते. तिच्यासोबत बिस्मथ, कोबाल्ट, निकेल आणि आर्सेनिक, आणि काही ठिकाणी युरेनियमही, एकमेकांत मिसळलेली असतात. श्नेबेर्गला जमिनीलगतचा भाग चांदीने समृद्ध होता. खाणी खोल जात गेल्या तशी चांदी विरळ होत गेली आणि तिच्या जागी करडे-रुपेरी, चकचकीत आणि हाताला जड लागणारे एक धातुक दिसू लागले. ते चांदीच्या धातुकासारखे दिसे, म्हणून कामगार ते खणून वर आणीत, भट्टीत घालीत, आणि हाती चांदीचा कणही लागत नसे. आदल्या पिढीला जिथे चांदी मिळाली होती त्याच शिरेत आता हा निरुपयोगी दगड का यावा, याचे उत्तर कामगारांकडे तयार होते: खाणीतल्या भुताने चांदी चोरली आणि तिच्या जागी हा दगड ठेवला.

आग्रिकोलाने लिहून ठेवलेली भुते

या समजुतींची सर्वांत तपशीलवार नोंद ज्याने केली, तो कोणी भाबडा कथेकरी नव्हता. गेओर्ग आग्रिकोला हा वैद्य होता. १५२७ पासून काही वर्षे तो योआखिमस्तालला गावचा वैद्य म्हणून राहिला, आणि खाणी व भट्ट्या त्याने जवळून पाहिल्या. जमिनीखालच्या प्राण्यांवरचा त्याचा छोटा ग्रंथ १५४९ साली आला, तर खाणकाम आणि धातुविद्येवरचा 'दे रे मेतालिका' हा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १५५६ साली, बाझेलला छापला गेला. लॅटिनमधल्या या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली हर्बर्ट हूव्हर आणि लू हेन्री हूव्हर या दांपत्याने केले. त्यातले हर्बर्ट हूव्हर पेशाने खाण अभियंता होते आणि पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

आग्रिकोलाच्या मते खाणीतली भुते दोन प्रकारची. पहिला प्रकार सौम्य. ही भुते माणसांची नक्कल करतात, म्हणून ग्रीकांप्रमाणे जर्मनही त्यांना 'कोबालोस' म्हणतात, असे तो सांगतो. त्यांची उंची सुमारे दोन फूट, चेहरा म्हाताऱ्यासारखा, अंगात खाणकामगाराचाच पोशाख आणि कमरेला चामड्याचा ॲप्रन. ती बोगद्यांतून सतत लगबगीत दिसतात, कधी खणतात, कधी खणलेला माल बादलीत भरतात, आणि प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. कामगारांच्या अंगावर खडे फेकतात, पण कोणी चेष्टा केली किंवा शिवी दिली नाही तर सहसा इजा करत नाहीत. जिथे धातू सापडला आहे किंवा सापडण्याची आशा आहे, तिथेच त्यांचा वावर अधिक. त्यामुळे कामगार त्यांना भिण्यापेक्षा त्यांच्या असण्याला शुभचिन्ह मानीत.

दुसरा प्रकार क्रूर. आनाबेर्गच्या एका खाणीत घोड्याच्या रूपातल्या, लांब मानेच्या भुताने नुसत्या श्वासाने बाराहून अधिक कामगार मारले आणि चांदी भरपूर असूनही ती खाण सोडून द्यावी लागली, असे आग्रिकोला लिहितो. श्नेबेर्गच्या त्याच सेंट जॉर्ज खाणीत काळी टोपी घातलेल्या भुताने एका कामगाराला जमिनीवरून उचलले आणि पूर्वी चांदीने भरलेल्या एका मोठ्या पोकळीच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवले. त्यात त्याला मुका मार बसला. मोठ्या ग्रंथात तर खाण सोडून देण्याची जी कारणे तो मोजतो, त्यांत घुसलेले पाणी आणि दूषित हवा यांच्या पंगतीला, हुसकता न येणारी क्रूर भुतेही बसवलेली आहेत.

श्वासाने माणसे मारणाऱ्या भुताची हकिगत आज वाचताना मन विषारी हवेकडे वळते. त्या काळी कठीण खडक फोडण्यासाठी बोगद्यात लाकडे पेटवून खडक तापवीत असत; कोंडलेल्या बोगद्यातला तो धूर आणि खोल जागी साचणारा कार्बन डायऑक्साइड माणसाला काही क्षणांत आडवा करू शकतो. आग्रिकोलालाही दूषित हवेचे हे धोके ठाऊक होते आणि हवा खेळती ठेवण्याच्या यंत्रांची चित्रे त्याने दिली आहेत. भुते आणि भाते एकाच ग्रंथात शेजारी असणे मला विसंगत वाटत नाही. ज्या मृत्यूंचे कारण सापडले होते त्यांवर त्याने उपाय सांगितला, आणि ज्यांचे सापडले नव्हते ते कामगारांच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून ठेवले.

भट्टीतला पांढरा धूर

कोबाल्टच्या नावाचे खरे नाट्य भट्टीपाशी घडले. त्या चकचकीत धातुकात कोबाल्टबरोबर आर्सेनिक आणि बहुधा गंधकही असते. धातू गाळण्यापूर्वी धातुक लाकडाच्या आगीवर भाजून घेण्याची रीत होती. हे धातुक तापले की आधी लसणासारखा उग्र वास सुटतो आणि मग दाट पांढरा धूर उठतो. हा धूर म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात तेच. थंड झाल्यावर तो धुराड्याच्या आतल्या अंगावर, छपरावर, कपड्यांवर आणि आसपासच्या गवतावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बसतो. तोंडावाटे गेलेली, ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. अशा भट्टीपाशी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा घसा जळणे, त्याला वांत्या होणे, कातडी सोलवटणे हे ठरलेलेच होते. आणि एवढे सोसून मुशीत चांदी नाही ती नाहीच.

खाणीतही सुटका नव्हती. ओल्या बोगद्यात हे धातुक हवा आणि पाणी यांच्या संपर्कात येऊन बदलत राहते. भिंतींवर त्याची गुलाबी, फुलोऱ्यासारखी पापुद्री धरते, जिला कामगार 'कोबाल्टचा फुलोरा' म्हणत. कामगारांचे पाय ओले झाले की एक धातुक ते खाऊन टाकते, हातांचेही तसेच होते, आणि फुफ्फुसांना व डोळ्यांना अपाय होतो, असे आग्रिकोलाने स्पष्ट लिहिले आहे. त्यावर त्याने सुचवलेले उपाय एखाद्या आधुनिक कारखान्याच्या सुरक्षा नियमांत शोभावेत असे आहेत: कच्च्या कातड्याचे उंच बूट, कोपरापर्यंत येणारे हातमोजे, आणि धूळ श्वासनलिकेत व डोळ्यांत जाऊ नये म्हणून चेहऱ्यावर सैल कापड. कार्पेथियन डोंगरातल्या खाणगावांत सात-सात नवरे क्षयाने गमावलेल्या बायका आहेत, असेही तो नोंदवतो. या एका वाक्यामागे किती घरे असतील, याचा विचार केल्यावर भुताच्या कथांना हसणे मला शक्य होत नाही.

नाव कुणाचे कुणाला?

भूत आणि धातुक यांची नावे सारखी असणे हा व्युत्पत्तीचा पुरेसा पुरावा ठरत नाही. दोन शब्द योगायोगानेही सारखे वाजू शकतात. इथे मात्र त्या काळचा एक साक्षीदार आहे. योहानेस माथेझियुस हा योआखिमस्तालचा धर्मोपदेशक. खाणकामगारांपुढे दिलेली त्याची प्रवचने १५६२ साली छापली गेली. एका प्रवचनात तो सांगतो की कामगार या विषारी धातुकाला कोबाल्ट म्हणतात, आणि लोक माणसांना व गुराढोरांना बाधणाऱ्या काळ्या सैतानाला व चेटकिणींनाही तशाच नावाने ओळखतात. सैतानावरून धातुकाला नाव पडले की धातुकावरून चेटकिणींना, हे काहीही असले तरी हा पदार्थ विषारी आहे. म्हणजे ज्यांच्या तोंडी हा शब्द होता, त्यांच्यातच १६व्या शतकाच्या मध्याला दोन्ही नावांचा संबंध गृहीत धरला जात होता. दिशेबद्दल मात्र खुद्द धर्मोपदेशकही ठाम नव्हता.

'कोबोल्ड' हा शब्द मात्र या खाणींपेक्षा जुना आहे. तो १३व्या शतकापासून जर्मन लिखाणात आढळतो, आणि तिथे तो घरातल्या भुतासाठी आहे. त्याची फोड अनेक अभ्यासक 'कोबे' म्हणजे खोपटे किंवा घर आणि 'वाल्ट' म्हणजे सत्ता चालवणारा, अशी करतात. घराचा अदृश्य धनी असा अर्थ त्यातून निघतो. त्याच्या वाटचे अन्न बाजूला ठेवले तर तो घरकामाला हात लावी, आणि विसरले किंवा अपमान केला तर घराचे वाटोळे करी. कोकणातल्या वाचकाला इथे राखणदाराची आठवण होईल. हाच घरधनी कामगारांबरोबर खाणीत उतरला, असे मानणे स्वाभाविक आहे. आग्रिकोलाने त्याचा संबंध ग्रीक 'कोबालोस'शी, म्हणजे लबाड, चेष्टेखोर पिशाच्चाशी जोडला होता. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनेही ग्रीक मूळच मानले. इंग्रजी 'गॉब्लिन' फ्रेंचमधून आला असून त्याचेही नाते याच कुळाशी असावे असे सांगितले जाते, पण तो दुवा कच्चा आहे आणि या प्रकरणाचा निर्णय त्यावर अवलंबून नाही.

धातुकाचे नाव चेक भाषेतल्या 'कोव' म्हणजे धातू या शब्दावरून आले, असाही एक जुना तर्क आहे. १८व्या शतकात शोधांचा इतिहास लिहिणाऱ्या योहान बेकमान याने तो विचारात घेऊन बाजूला सारला आणि भुताची बाजू अधिक संभाव्य ठरवली. खाणकामगारांना आणि त्यांच्या कामाला कोबोल्डांपासून देवाने राखावे, अशी प्रार्थना पूर्वी चर्चमध्ये होत असे, हेही त्याने नोंदवले आहे. ज्या गावात भुतांविरुद्धची प्रार्थना जाहीरपणे होत होती, तिथे हात-पाय खाणाऱ्या दगडाला त्याच भुताचे नाव पडणे अधिक सयुक्तिक आहे, असे मलाही वाटते.

या मताला सर्वांत मोठा आधार शेजारच्याच एका दगडाने दिला आहे. याच खाणींत तांब्यासारख्या तांबूस रंगाचे आणखी एक धातुक सापडे. कामगार ते तांब्याच्या आशेने गाळीत आणि तांबे मिळत नसे. धूर मात्र तसाच विषारी, कारण तेही निकेल आणि आर्सेनिक यांचेच संयुग. त्याला 'कुप्फरनिकेल' म्हणत. कुप्फर म्हणजे तांबे, आणि निकेल हे निकोलस या नावाचे लघुरूप, जे जर्मनमध्ये खट्याळ भुतासाठी वा हलकट माणसासाठी वापरले जाई. एकाच डोंगरात, एकाच व्यवसायातल्या माणसांनी, एकाच प्रकारे फसवणाऱ्या आणि बाधणाऱ्या दोन धातुकांना भुतांची नावे दिली असतील, तर त्यांतले एक नाव योगायोगाचे मानण्यास मी तयार नाही. कथिल गाळताना त्याचा नाश करणाऱ्या धातुकाला याच मुलखात 'वोल्फ्राम' म्हणत आणि त्यात 'वोल्फ' म्हणजे लांडगा आहे; शिशाचे सोंग आणणाऱ्या जस्ताच्या धातुकाला 'ब्लेंडे' म्हणजे फसवे म्हणत, आणि तोही शब्द इंग्रजीने उचलला आहे. नावे ठेवण्याची ही एक पद्धतच होती.

भुताकडून धातूकडे

दरम्यान ज्या दगडाला शिव्या दिल्या जात, त्याचे नशीब पालटले. हे धातुक भाजून वाळू आणि पोटॅशबरोबर वितळवले की गडद निळी काच होते, आणि तिची पूड चिनीमाती व चित्रकलेसाठी विकता येते, हे १६व्या शतकात सॅक्सनी-बोहेमियात माहीत झाले. आता त्याच दगडावर कारखाने उभे राहिले. निळा रंग नेमका कशाचा, याचे उत्तर मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. बहुतेक जण तो बिस्मथचा किंवा आर्सेनिकचा मानीत.

ते उत्तर स्टॉकहोमचा रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग ब्रांट याने १७३०च्या दशकात दिले. त्याने आधी आर्सेनिकवर काम केले होते आणि पांढरा सोमल हा आर्सेनिक धातूसदृशाचेच भस्म आहे हे दाखवले होते. त्यामुळे निळा रंग आर्सेनिकचा नाही, हे सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. बिस्मथ ठिसूळ आणि सहज वितळणारा; ब्रांटला मिळालेला धातू चुंबकाकडे ओढला जाणारा आणि अतिशय कष्टाने वितळणारा होता. जुन्या काळापासून ठाऊक असलेल्या धातूंचे शोधक अज्ञात आहेत. ज्याच्या शोधकाचे नाव इतिहासात नोंदलेले आहे असा कोबाल्ट हा पहिला धातू मानला जातो. ब्रांटने खाणीतले नाव बदलले नाही. त्याचा शिष्य आक्सेल क्रोनस्टेट याने १७५१ साली कुप्फरनिकेलसारख्या धातुकातून आणखी एक नवा धातू वेगळा केला आणि १७५४ साली 'कुप्फर' गाळून त्याला नुसते 'निकेल' म्हटले. अशा रीतीने आवर्त सारणीत एकमेकांच्या शेजारी बसणाऱ्या दोन धातूंना गुरू-शिष्यांनी दोन भुतांची नावे कायमची देऊन टाकली.

इंग्रजीत 'कोबाल्ट' १७व्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मन खाणविद्येच्या भाषांतरांबरोबर, धातुकाचे नाव म्हणून आला. तो येताना भूत जर्मनीतच राहिले; इंग्रज वाचकाला तो परका पारिभाषिक शब्द होता. १९व्या शतकात इंग्रजीने जर्मन लोककथांसोबत 'कोबोल्ड' वेगळा उचलला, आणि सख्खी भावंडे एकाच भाषेत अनोळखी होऊन राहिली. मराठीत कोबाल्ट इंग्रजीतून आला. बी-१२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनवरचे 'सायनोकोबालामिन' हे नाव आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने कर्करोगावर शेक देण्यासाठी विकसित केलेल्या भाभाट्रॉन यंत्रातला कोबाल्ट-६० हा स्रोत, या दोन रूपांत तो मराठी घरांपर्यंत पोहोचलेला आहे.

खरा आरोपी

हात-पाय खाणारे, घसा जाळणारे आणि गाळताना छळणारे विष आर्सेनिकचे होते. फुफ्फुसांच्या ज्या दुखण्याने श्नेबेर्गचे कामगार पिढ्यान्‌पिढ्या दगावले, तो कर्करोग असल्याचे १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी दाखवले, आणि त्याचे मुख्य कारण पुढे युरेनियमच्या खडकांतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू हे ठरले. एका भुताच्या नावाखाली आर्सेनिक, रेडॉन, खडकाची धूळ आणि कोंडलेली हवा असे चार मारेकरी दडलेले होते. कोबाल्ट पूर्ण निर्दोष आहे असेही नाही: १९६०च्या दशकात क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्टची संयुगे घातली गेली आणि ती भरपूर पिणाऱ्यांपैकी अनेकांना हृदयविकाराने ग्रासले. पण एर्त्सगेबिर्गच्या भट्ट्यांवर ज्या अपराधांसाठी त्याला भुताचे नाव मिळाले, ते प्रामुख्याने त्याचे नव्हते.

आर्सेनिकचे स्वतःचे नाव ग्रीक 'आर्सेनिकोन' मार्गे जुन्या इराणी भाषेतल्या, सोन्यासारखा या अर्थाच्या शब्दापर्यंत जाते. आर्सेनिक आणि गंधक यांच्या पिवळ्याधमक खनिजाला तो शब्द होता. आपण त्याच खनिजाला हरताळ म्हणतो. पोथी लिहिताना चुकलेली अक्षरे झाकायला त्याचा लेप देत आणि 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला.